आत्याबाई बोलेनात

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी कॉम्प्युटर चालू केला आणि आत्याबाई बोलल्याच नाहीत.

आत्याबाई म्हणजे आमच्या कॉम्प्युटरचा आवाज. आम्ही दोघं नवरा-बायको जन्मापासून आंधळे, आणि आमचा ब्रेलचा छापखाना दोन खोल्यांचा. कॉम्प्युटरच्या पोटात जे काही चाललेलं असतं ते हा आवाज आम्हाला वाचून दाखवतो. बाईचा आवाज, जरासा नाकातला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी असा चढा सूर की तुमचंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. ह्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. ह्यांच्या सख्ख्या आत्याच्या कानावर ते कधी गेलं नाही, हे आमचं नशीब.

रोजचा क्रम माझ्या अंगवळणी पडलेला. बटण दाबायचं, पंखा घुरघुरतो, 'टूं' असा एक आवाज येतो, मग मी मनात आकडे मोजते. सतरा वर्षांचं यंत्र, त्याला उठायला वेळ लागतो. नव्वदच्या आसपास आत्याबाई म्हणतात, "नमस्कार, मी तयार आहे?" त्या दिवशी पंखा घुरघुरला, टूं झालं, मी शंभर मोजले, दोनशे मोजले आणि तीनशेला मोजणं सोडून दिलं. आत्याबाई चिडीचूप.

"अहो," मी आतल्या खोलीत हाक मारली, "तुमच्या आत्याबाई रुसल्या."

"स्पीकर बघ," आतून उत्तर आलं. ह्यांचा सल्ला नेहमी असाच असतो, जे मी आधीच करून बसलेली असते ते.

स्पीकर मी बघितला होता. वायरी एकेक करून बोटांनी तपासल्या होत्या, कीबोर्ड काढून परत लावला होता. एंटर दाबून पाहिलं, स्पेस दाबून पाहिली, आत्याबाईंना जागं करायची जी तीन बटणं एकदम दाबायची असतात तीही दाबली. यंत्र तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. दर वेळी पंखा, टूं आणि नंतर काही नाही.

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी चहा टाकला असता आणि म्हटलं असतं, सोमवारी बघू. पण त्या दिवशी साडेतीन वाजता शंकासूर येणार होती.

ही दहावीतली मुलगी. तिच्या प्रश्नांना अंत नाही, म्हणून आम्ही दोघं तिला शंकासूर म्हणतो आणि ती त्यावर खूश असते. तीही आमच्यासारखीच, न दिसणारी. तिच्या शाळेत अशा मुलांना भूमिती माफ आहे. अर्ज भरायचा, सही करायची, की भूमितीऐवजी दुसरा सोपा पेपर. सगळे तेच करतात. ही म्हणाली, मला माफी नको, मला भूमिती पाहिजे. शाळेतल्या मोठ्या बाई वैतागल्या, पण माणूस म्हणून बऱ्या. त्यांनी तिच्या आईला सांगितलं की पुस्तकाचे तिन्ही खंड ब्रेलमध्ये मुलीच्या हातात असतील तर तिला बसवते. नसतील तर शुक्रवारी पाचच्या आत माफीचा अर्ज माझ्या टेबलावर हवा, त्यानंतर मला यादी बदलता येणार नाही. दोन खंड आम्ही दिले होते. तिसरा, वर्तुळाचा, ऐंशी पानांचा, कॉम्प्युटरमध्ये तयार होऊन पडला होता. फक्त छापायचा होता.

आणि मलाही भूमिती माफ होती. आमच्या वेळी तर अर्जसुद्धा नव्हता. भूमितीचा तास आला की आम्हा चार मुलींना व्हरांड्यात बसवून हातात लोकर देत. मला आजही मोजे उत्तम विणता येतात आणि त्याचा मला आजही राग येतो.

आमचा छापखाना ज्या संस्थेचा, तिच्या मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याला मी फोन लावला. हा कॉम्प्युटरवाला आमच्याकडे कधी आलेला नाही. तो फोनवरूनच सगळं दुरुस्त करतो किंवा करत नाही.

"स्क्रीनवर काय दिसतंय, मॅडम?"

"मला कसं दिसेल?"

"सॉरी, सॉरी. शेजारी कुणी डोळस असेल तर त्यांना विचारा, स्क्रीन काळी आहे का निळी?"

"स्क्रीन नाहीये."

"म्हणजे काळी?"

"म्हणजे नाहीच. आमच्याकडे स्क्रीन नाही."

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या कॉम्प्युटरला मुळात स्क्रीन होती. ती टेबलावर दोन हात जागा अडवून बसायची, आणि दोन आंधळ्यांच्या घरात ती धूळ खायलाच होती. मजकूर टाइप करणारी आमची टायपिस्टबाई डोळस, पण ती आपल्या लॅपटॉपवर काम करायची आणि तयार फाइल आमच्या यंत्रात भरून द्यायची. हे म्हणत होते, राहू दे, कधीतरी लागेल. मी म्हटलं, तुम्हाला प्रत्येक गोष्ट कधीतरी लागते. आणि गेल्या वर्षी मी ती स्क्रीन खालच्या फोटो स्टुडिओवाल्याला देऊन टाकली. टायपिस्टबाई आता बाळंतपणाच्या रजेवर होती. म्हणजे छापखान्यात बघणारा एकही डोळा नव्हता, आणि बघण्यासारखं काही होतं तेही मीच घालवलं होतं.

"मॅडम," कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सतरा वर्षं म्हणजे खूप झाली. मदरबोर्ड गेला असणार. भंगारात काढा. मी नव्याची मागणी टाकतो, दोनेक महिन्यांत येईल."

"पण टूं वाजतंय. टूं वाजतंय म्हणजे त्यात जीव आहे."

"जीव असेल हो, पण उपयोग काय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, पण तिचा उपयोग नव्हता. आमचं छापायचं यंत्र, ज्याला आम्ही हातोडा म्हणतो, ते जाड कागदावर ठिपके ठोकतं आणि त्याची वायर जुन्या पद्धतीची, पंचवीस पिनांची. ती फक्त ह्याच कॉम्प्युटरला बसते. आजकालच्या कुठल्याही लॅपटॉपला तसं भोकच नसतं.

हे येऊन माझ्या शेजारी बसले. मी वाट बघत होते की आता म्हणतील, तरी मी सांगत होतो. ते म्हणाले नाहीत, आणि त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छोट्याला बोलाव," ते म्हणाले.

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण माझ्यासाठी छोट्याच. दोन गल्ल्या सोडून त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण त्याला डोळे आहेत आणि तो माझं ऐकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सहसा मिळत नाहीत.

तो अकरा वाजता आला आणि आल्या आल्या विचारलं, "ताई, स्क्रीन कुठाय?"

"खाली जा. स्टुडिओवाल्याकडून घेऊन ये."

"दिलेली वस्तू परत मागायची?"

"तू नको मागू. मी मागते."

मी काठी घेतली आणि त्याच्याबरोबर खाली गेले. हा फोटोवाला दिवसभर गिऱ्हाइकांना एकच वाक्य म्हणतो, "हसा जरा." त्यामुळे आख्खी इमारत त्याला हसाजरा म्हणते. मी सगळं सांगितलं, मुलीचं, अर्जाचं, माझ्या अतिशहाणपणाचं. तो म्हणाला, "एवढंच ना? माझ्याकडे आत्ता कुणी नाही. पण दोन वाजता एका कुटुंबाचे फोटो आहेत, त्याच्या आत द्या." आणि त्याने स्वतः वायरी सोडवून दिल्या. मी कधी नव्हे ते त्याला हसून दाखवलं.

वर आल्यावर छोट्याने स्क्रीन जोडली, मी कॉम्प्युटर चालू केला. पंखा घुरघुरला, टूं झालं.

"काय आलंय?" मी विचारलं.

"काळ्यावर पांढरी अक्षरं. इंग्रजी आहे, ताई."

"मग वाच."

"माझं इंग्रजी तुला माहितीये."

"अक्षरं तर येतात ना? एकेक सांग. शब्द मी करते."

माझं इंग्रजी चांगलं आहे, लोकरीखाली लपवून वाचलेल्या पुस्तकांची कृपा. तो अक्षरं सांगत गेला, मी शब्द जुळवत गेले. बी-ए-टी-टी-ई-आर-वाय. बॅटरी. मग एफ-ए-आय-एल-ई-डी. बॅटरी निकामी. आणि खालच्या ओळीत, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा, बदल करायचे असतील तर डिलीट दाबा.

"हे असं किती वेळ थांबून राहील?" ह्यांनी विचारलं.

"कुणी दाबेपर्यंत," मी म्हणाले.

सकाळपासून ते बिचारं यंत्र ठणठणीत होतं आणि एक बटण दाबायची वाट बघत होतं. पडद्यावर स्पष्ट लिहून बसलं होतं, पण आत्याबाई त्या टप्प्यापर्यंत उठलेल्याच नसतात, मग आम्हाला वाचून दाखवणार कोण? मी माझ्या नेहमीच्या वापरातली सगळी बटणं दाबून पाहिली होती. एफ-वन तेवढं राहिलं होतं. ते मदत मागायचं बटण, आणि मी ते सतरा वर्षांत कधी दाबलेलं नाही. माझा स्वभावच नाही.

मी एफ-वन दाबलं. मोजायला लागले. सत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी.

"नमस्कार, मी तयार आहे?"

मी टेबलावर डोकं टेकलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत्याबाईंना म्हणाले, "या, बसा."

पण आमचा आनंद पाच मिनिटंही टिकला नाही. मी तिसरा खंड उघडला, छापण्याचा हुकूम सोडला आणि हातोडा ढिम्म हलला नाही. परत हुकूम सोडला. आत्याबाई म्हणाल्या, "यंत्र सापडत नाही?" वायर काढली, घातली, पिना बोटाने मोजल्या, पंचवीसच्या पंचवीस जागेवर होत्या. घड्याळात साडेबारा वाजले होते. ऐंशी पानं, मिनिटाला एक पान. साडेतीनला मुलगी दारात.

"बॅटरीचा आणि हातोड्याचा काय संबंध?" मी म्हणाले.

"ताई, बॅटरी कसली ते कळलं का तुला?" छोट्या म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर त्याचा आवाज असा होतो. "आत बारीक बटण सेल असणार. यंत्र बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवायला आणि काय काय ठरवून दिलंय ते लक्षात ठेवायला. प्लग लावलेला असेल तर भिंतीतल्या विजेवर भागतं, सेल मेलेला कळतही नाही. तुम्ही प्लग कधी काढता?"

"कधीच नाही," हे म्हणाले. "पण काल इमारतीचे मीटर बदलले. दिवसभर आणि रात्रभर वीज नव्हती."

"झालं तर मग. सेल कधीचाच मेलाय, वीज गेल्यावर उघडकीला आलं. ठरवून दिलेलं सगळं विसरलंय ते. हातोड्यासाठी काही ठरवून दिलं होतं का?"

हे एकदम उठले. आतल्या खोलीत खोकी सरकवल्याचा आवाज आला. ह्यांना एक खोड आहे. जे काही घडेल ते ब्रेलमध्ये जाड कार्डावर टिपून ठेवायचं आणि चपलांच्या खोक्यात घालायचं. अशी बेचाळीस खोकी आहेत, आणि त्यांच्यावरून मी आजवर किती बोलले असेन त्याला गणती नाही. वीस मिनिटांनी ते एक कार्ड घेऊन आले आणि बोट फिरवत वाचायला लागले.

"आज हातोडा बसवला. आधी वाजेना. मग बसवायला आलेल्या माणसाने डिलीट दाबून आत जाऊन पॅरलल पोर्ट असं लिहिलेल्या ठिकाणी ईसीपी केलं, तेव्हा वाजला. माणूस सारखा शिंकत होता. बायको म्हणाली, आवाज फार आहे. मी म्हणालो, सवय होईल."

"तो शिंकत होता हे कशाला लिहायचं?" मी म्हणाले.

"लिहिलं तर लिहिलं," हे म्हणाले. त्यांना फार बरं वाटत होतं आणि ते लपवत नव्हते.

छोट्या दुकानात पळाला आणि सेल घेऊन आला. असले सेल तो रोज विकतो. मग आम्ही यंत्र बंद केलं, प्लग ओढून काढला. छोट्याने बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि माझा हात धरून आधी पत्र्याला लावला. "अंगात वीज साठलेली असते, ती जाऊ दे," तो म्हणाला. तो आपल्या भिंगातून आणि टॉर्चने आत बघत होता आणि वैतागत होता.

"दिसतोय, पण एका कार्डाच्या खाली दबलाय. हात घातला की उजेड अडतो. उजेड पडला की हात जात नाही."

"सरक," मी म्हणाले.

मला कुठे उजेड हवा होता? मी दोन बोटं आत घातली. धूळ होती, मऊ, लोकरीसारखी. मग तारा, मग काटेरी टाके, आणि त्यांच्यामध्ये एक गोल गुळगुळीत चकती, कोटाच्या बटणाएवढी. कडेला पत्र्याची जीभ. ती नखाने मागे ढकलली तशी चकती टुणकन उडून माझ्या बोटांत आली. तिच्या पाठीवर कोरलेली अक्षरं होती आणि एक अधिकचं चिन्ह. एवढं बारीक कुणाच्या बोटाला लागत नाही, पण माझी बोटं दिवसाला सत्तर पानं वाचतात.

छोट्याने तिला सेल तपासायचा मीटर लावला. "तीन व्होल्ट पाहिजेत. आकडा अर्ध्यावरसुद्धा जात नाही. ताई, हा सेल कमीत कमी तीन-चार वर्षांपूर्वी मेलाय."

"आणि आम्ही ह्याच्या जिवावर पुस्तकं काढत होतो," हे म्हणाले.

नवा सेल मी अधिकची बाजू वर करून बसवला. जिभेचा टक असा आवाज झाला. प्लग लावला, यंत्र चालू केलं, आणि अक्षरं आल्याबरोबर छोट्याने डिलीट दाबलं.

"आत गेलो," तो म्हणाला. "याद्याच याद्या आहेत. आणि ताई, ह्याच्या हिशेबाने आज एक जानेवारी आहे, सतरा वर्षांपूर्वीची. रात्रीचे बारा वाजून तीन मिनिटं."

"म्हणजे माझे केस अजून आहेत," हे म्हणाले.

छोट्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वेळ लावली, तीही सेकंदावर. घड्याळवाल्याला मिनिटावर लावलेली वेळ म्हणजे अपमान. मग पॅरलल पोर्ट, म्हणजे हातोड्याची वायर बसते ते भोक, शोधलं आणि त्यापुढे ईसीपी केलं. तो बाहेर पडणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं.

"थांब. जे जे लिहिलंय ते सगळं मला वाचून दाखव. एकही ओळ सोडू नकोस."

"ताई, शंभरेक ओळी असतील."

"मग वाचायला लाग."

तो कुरकुरत वाचत गेला. बहुतेक गोष्टी मला कळल्या नाहीत आणि मी त्यांना हात लावू दिला नाही. पण एका यादीत एच-ए-एल-टी आलं. थांब. कशासाठी थांबायचं? पुढे होतं, सगळ्या चुकांसाठी. म्हणजे कुठेही खुट्ट झालं की हे यंत्र थांबणार, पडद्यावर लिहिणार आणि कुणी बटण दाबेल म्हणून वाट बघत बसणार. डोळस माणसासाठी ती सोय असेल. आमच्यासाठी तो कुलूप लावलेला दरवाजा होता, आणि कुलूप कुठे आहे तेसुद्धा आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तिथे दुसरं काय करता येतं?"

"एन-ओ," तो म्हणाला. "कुठल्याच चुकीसाठी नाही."

"ते कर."

दोनला दहा मिनिटं कमी असताना मी छोट्याला स्क्रीन काढायला लावली. तो म्हणाला, आधी चालू होतंय का बघू दे तरी. मी म्हटलं, स्क्रीनशिवाय चालू झालं तरच ते चालू झालं. त्याने स्क्रीन खाली हसाजराकडे नेऊन दिली. तोवर मी यंत्र बंद करून प्लग ओढून काढला, सावकाश दहा मोजले आणि परत लावला. छोट्या धापा टाकत वर आला तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी उभे होतो. पंखा. टूं. मी मोजायला लागले आणि ह्यांनीही मोजायला लागून माझे आकडे चुकवले.

"नमस्कार, मी तयार आहे?"

"हो," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी छापण्याचा हुकूम सोडला. दोन सेकंद काही नाही. आणि मग हातोडा सुरू झाला. त्या यंत्राचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळे ठोकत सुटलेला सुतार. शेजारच्यांनी तीनदा तक्रार केलेली, मी स्वतः सतरा वर्षं कुरकुर केलेली. त्या दिवशी मला वाटलं, जन्मभर वाजत राहा बाबा. छोट्या काहीतरी बोलत होता, ते ऐकू आलं नाही. त्याने माझा हात धरून हलवला आणि तो आपल्या दुकानात गेला.

साडेतीनच्या आधीच जिन्यावर पावलं वाजली. शंकासूर आईचा हात सोडून पळत वर येत होती, दोन पायऱ्या एकदम.

"मावशी, जिन्यातच ऐकलं! माझंच छापताय ना? माझंच ना?"

"नाही, स्वयंपाकाचं पुस्तक छापतोय," हे म्हणाले.

पन्नासएक पानं निघून थप्पी झाली होती. ती खाली फरशीवरच बसली आणि पानं मांडीवर घेतली. तिच्या आईने मात्र पदराने की रुमालाने नाक पुसलं. तिने अर्ज भरून, सही करून पर्समध्ये ठेवला होता, असं तिने मला हळूच सांगितलं. सकाळी आम्ही फोन उचलत नव्हतो म्हणून. मग तिने शाळेत फोन लावला आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "तिसरा खंड हातात आहे. ती भूमितीला बसणार." हातोड्यामुळे तिला हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ती जरा जास्तच जोरात ओरडली, असं मला वाटतं.

मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात शंकासूर म्हणाली, "मावशी, तेविसाव्या पानावर चूक आहे."

मी जागच्या जागी थांबले. तीस वर्षं मी मुद्रितं तपासते आहे. माझ्या पानात चूक काढलेली नाही कुणी.

"कसली चूक?"

"ही स्पर्शिका नाहीच आहे."

मी तिच्याजवळ खाली बसले. आकृती मला पाठ होती. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला बाहेरून टेकलेली एक सरळ रेघ. टायपिस्टबाईने काढली होती तेव्हा ती रेघ वर्तुळाला जेमतेम लागत होती, अगदी सुटून पडेल अशी. मला ते कच्चं काम वाटलं. म्हणून मी स्वतः ती रेघ एक ठिपका आत सरकवली होती, चांगली घट्ट बसावी म्हणून.

"छान चिकटली आहे की," मी म्हणाले.

"तेच तर चुकलंय!" तिने माझं बोट धरलं आणि रेघेवर ठेवलं. "बघा, इथे वर्तुळाच्या आत शिरली. आणि इथे बाहेर पडली. दोन ठिकाणी कापते. ही छेदिका झाली. स्पर्शिका कशी, येते, फक्त एका ठिपक्याला शिवते आणि निघून जाते. आत जातच नाही."

मी बोट फिरवलं. परत फिरवलं. खरंच दोन ठिकाणी. मी ही आकृती दहा वेळा तरी तपासली होती, आणि ही चूक मला जन्मात सापडली नसती, कारण मला भूमिती माफ होती. मला रडूच आलं. वाईट वाटून नव्हे. मुलीला पुस्तक मिळालं होतं आणि पुस्तकातली चूक काढण्याइतकी भूमिती तिला आधीच येत होती, ह्याचा इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू कळेना.

"मावशी, रडताय?"

"तुला काय करायचंय?"

"बरं. पण अशा अजून किती स्पर्शिका चिकटवल्यात?"

"सगळ्या," मी म्हणाले.

आतून हे इतके हसले की हातोड्याच्या वर ऐकू आलं. "पानं कितवी ते सांगा," ते म्हणाले, "परत काढू. कागद आहे, यंत्र चालू आहे."

अकरा निघाल्या. मी कॉम्प्युटरसमोर बसले, शंकासूर माझ्या शेजारी स्टुलावर. आत्याबाई ठिपक्यांची ओळ आणि रकाना सांगत होत्या, मी एकेक रेघ एक ठिपका बाहेर काढत होते, आणि ती प्रत्येक वेळी मला विचारत होती, आता त्रिज्या कुठे येईल, आता कोन किती, का. पहिल्या तीन वेळा मला सांगता आलं नाही. चौथ्या वेळी मी नव्वद म्हणाले आणि ते बरोबर निघालं. अकरावी आकृती अवघड होती, बाहेरच्या एकाच बिंदूतून निघालेल्या दोन स्पर्शिका. दोन्ही रेघा वर्तुळाला शिवतात ते ठिपके मी तिला न विचारता ठेवले आणि पान छापायला सोडलं. ते कोमट पान तिने हातात घेतलं, बोट वरून खाली फिरवलं, मग खालून वर, आणि काही न विचारता थप्पीवर ठेवून दिलं.